शालेय पोषण आहार : भात पुरेसा, डाळ-भाजी अपुरी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात आमचे गाव आहे. येथील जिल्हा परिषदेच्या पहिली ते आठवीच्या शाळेत माझी दोन्ही मुले शिकतात, आणि शाळा व्यवस्थापन समितीची पालक सदस्य या नात्याने दुपारचे जेवण वाटण्यापूर्वी त्याची चव घेऊन नोंदवहीत सही करण्याची पाळी माझ्यावर अधूनमधून येते. शाळेत मिळणारे हे जेवण मोफत असल्यामुळे त्याच्या दर्जाबद्दल फारसे बोलू नये, अशी एक समजूत पालकांमध्ये आहे. मला ती मान्य नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना हे जेवण हक्क म्हणून दिले आहे, आणि ताटात किती उष्मांक व किती प्रथिने असावीत हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. तेव्हा एखाद्या खानावळीचे करावे तितक्याच बारकाईने या सेवेचे परीक्षण करणे योग्य ठरेल.

माझे मत आधीच सांगते. आमच्या शाळेतील अन्न ताजे, गरम आणि स्वच्छ असते, मुलांचे पोट भरते, आणि शिजवणाऱ्या दोन्ही मावशींच्या हाताला चव आहे. गेल्या दोन वर्षांत पदार्थांची विविधताही वाढली. मात्र मुलांच्या वाढीला ज्याची खरी गरज आहे ती डाळ, भाजी आणि अंडी यांचे प्रमाण या काळात वाढलेले नाही, उलट अंडे तर येऊन गेले. पाककृतींची यादी लांब करणे हे पोषण वाढवणे नव्हे, आणि या सेवेतील बहुतेक उणिवा याच एका गोष्टीतून निघतात.

ताटातील हिशेब प्रत्येक पालकाला माहीत असायला हवा, म्हणून तो सविस्तर मांडते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला अनुक्रमे १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम, असे प्रमाण ठरलेले आहे. ही सर्व वजने न शिजवलेल्या मालाची आहेत. यातून लहान मुलांना ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि मोठ्या मुलांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. आमच्या शाळेच्या पटावर नव्वद मुले आहेत, त्यांपैकी पंचावन्न पाचवीपर्यंतची. सगळी हजर असतील त्या दिवशी पावणेअकरा किलो तांदूळ, दोन किलोच्या थोडी वर डाळ आणि साडेपाच किलोच्या आत भाजी शिजायला पडते.

आता लहान मुलाच्या ताटातील १२ ग्रॅम प्रथिने येतात कोठून ते पाहा. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ८ ग्रॅम आणि २० ग्रॅम तूरडाळीतून चार-साडेचार ग्रॅम. म्हणजे कायद्याने मागितलेल्या प्रथिनांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तांदळातील आहेत, आणि एकट्या तांदळाची प्रथिने परिपूर्ण नसतात. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातील उणीव दुसऱ्याने भरून निघते, परंतु त्यासाठी डाळ पुरेशी हवी. आहारतज्ज्ञ धान्याच्या तीन भागांना डाळीचा एक भाग चांगला मानतात, आणि येथे तो पाचास एक असा आहे. शिवाय हा सारा हिशेब मुलाने ताटातील शेवटचे शीत खाल्ले, तरच जुळतो. पहिली-दुसरीतले मूल १०० ग्रॅम तांदळाचा भात एका बैठकीला क्वचितच संपवते. भात उरतो तेव्हा कायद्यातील आकडाही ताटातच उरतो, आणि तांदूळ थोडा कमी करून डाळ वाढवावी, एवढी साधी सुधारणा करण्याची मुभा शाळेला नसते.

या योजनेची वाट मोठी आहे. तामिळनाडूत १९५० च्या दशकात के. कामराज यांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची, पण अनेक राज्यांत कित्येक वर्षे शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडे धान्यच घरी दिले जात असे. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे सर्व राज्यांना बंधनकारक झाले. या जेवणाचा उपयोग किती खोलवर होतो, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले: ज्या भागांत मुलींना शाळेत असे जेवण मिळाले होते, तेथे त्या मोठ्या होऊन आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची अधिक चांगली वाढल्याचे आढळले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी होते. हीच मुले आज आमच्या पहिली-दुसरीच्या वर्गांत बसलेली आहेत, त्यामुळे डाळीच्या दहा-वीस ग्रॅमचा मुद्दा मला किरकोळ वाटत नाही.

जून २०२४ मध्ये राज्य शासनाने आहारात मोठा बदल केला. त्यापूर्वी आठवड्यातील बहुतेक दिवस खिचडी किंवा भात-आमटी असे. नव्या निर्णयात पंधरा पाककृती आल्या आणि जेवण तीन भागांत विभागले गेले: भाताचा एखादा प्रकार, मोड आलेले कडधान्य आणि काही दिवशी खीर किंवा नाचणीचे सत्त्व. व्हेजिटेबल पुलाव, मसालेभात, चवळीची खिचडी, सोयाबीन पुलाव, मसुरी पुलाव, मूग-शेवग्याचे वरण आणि भात, मटकीची उसळ अशी नावे फलकावर लिहिलेली पाहून मुलांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो बदल स्वागतार्हच होता. रोज तोच पिवळा भात पाहून मुले ताटाकडे पाठ फिरवत होती, ते कमी झाले.

मात्र ही यादी बारकाईने वाचली की लक्षात येते, त्यातील बहुसंख्य पदार्थ हे तांदळाचेच वेगवेगळे अवतार आहेत. आमच्या भागात घरोघरी ज्वारीची आणि थंडीत बाजरीची भाकरी खाल्ली जाते. मटकी तर या माणदेशी मातीतले पीक. असे असताना आठवड्याचे सहाही दिवस शाळेत तांदूळच शिजतो, कारण केंद्राकडून मोफत येते ते धान्य तांदूळ आहे. नव्वद मुलांच्या भाकऱ्या दोन बायकांनी थापाव्यात असे मी म्हणणार नाही, ते शक्यच नाही. ज्वारीच्या कण्या, बाजरीची खिचडी, नाचणीची पेज हे पदार्थ मात्र मोठ्या पातेल्यात भाताइतक्याच सहजपणे शिजतात आणि आमच्या सासवांच्या पिढीला ते तोंडपाठ आहेत. नाचणीत कॅल्शियम आणि बाजरीत लोह तांदळाच्या कितीतरी पट असते. जेथे जे पिकते ते जिल्ह्यातच खरेदी करून शाळेला द्यावे, ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे.

या सगळ्या यादीतला सर्वोत्तम पदार्थ निवडायचा झाला, तर मी निःशंकपणे मटकीची उसळ निवडीन. मावशी आदल्या दिवशी सकाळीच मटकी निवडून भिजत घालतात, घरी जाताना ती उपसून ओल्या सुती कापडात बांधतात आणि गाठोडे पातेल्यात झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास कापड सोडले की अर्ध्या पेराएवढे पांढरे मोड दिसतात. कांदा-लसणाची फोडणी, हळद, घरचे काळे तिखट अगदी बेताने, आणि उसळ उतरवल्यावर शाळेच्या परसबागेतील लिंबू त्यावर पिळतात. हे लिंबू केवळ चवीसाठी नाही. डाळी-कडधान्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, आणि लिंबातील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. मोड आणल्यानेही तेच साधते, कारण लोह अडवून धरणारे घटक कडधान्य भिजवून मोड आणताना कमी होतात. कोणत्याही पुस्तकाशिवाय मावशींनी हे आपल्या आईकडून उचललेले आहे. हा पदार्थ असतो त्या दिवशी मुले दुसऱ्यांदा वाढून घेतात, आणि चव घेताना मलाही दोन घास जास्तच जातात.

शेवग्याच्या वरणाबद्दल तितके चांगले सांगता येत नाही. शेंगा महाग असतात तेव्हा वरणात त्या औषधापुरत्या पडतात, आणि लहान मुलांना शेंग सोलून गर खाण्याचे तंत्र जमत नसल्यामुळे ती ताटाच्या कडेला जाते. शेवग्याचा पाला वरणात बारीक चिरून घातला, तर मूल ते बाजूला काढू शकत नाही आणि पाल्यात पोषणही शेंगांहून जास्त असते. आमच्या परसबागेत दोन झाडे असल्याने हा बदल करता आला. ज्या शाळेत जागा आणि पाणी आहे तेथे परसबाग व्हायलाच हवी, पण आमच्यासारख्या गावात मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा परसबाग हा भाजीच्या खर्चाला पर्याय समजला जाऊ नये.

आता अंड्याविषयी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एक दिवस, बुधवारी किंवा शुक्रवारी, प्रत्येक मुलाला अंडे आणि अंडे न खाणाऱ्याला केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला. काही संघटनांनी विरोध केला, त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ज्या शाळेतील ४० टक्के पालकांचा विरोध असेल तेथे अंडी देऊ नयेत अशी दुरुस्ती झाली. आमच्या शाळेत विरोधाचा प्रश्न आलाच नाही. माळकरी घरांतील मुले केळे घेत, बाकीची अंडे घेत, आणि दोन्ही प्रकारची मुले एकाच पंगतीत शेजारी बसून जेवत. अंड्याच्या दिवशी वर्गात अनुपस्थिती जवळपास नसे, हे शिक्षकांनीही वारंवार सांगितले आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, म्हणजे लहान मुलाच्या कायद्यातील वाट्याच्या निम्मी. शिवाय अ आणि ब-१२ जीवनसत्त्वे त्यातून मिळतात, आणि यांपैकी ब-१२ कोणत्याही डाळीत वा भाजीत नसते. स्वच्छतेच्या दृष्टीनेही अंड्यासारखा दुसरा पदार्थ नाही, कारण त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, आणि ते मुलाला मिळाले की नाही हे कोणालाही डोळ्यांनी मोजता येते.

जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबवला, आणि अंडा पुलाव किंवा नाचणीचे सत्त्व द्यायचे असल्यास शाळांनी लोकसहभागातून खर्च उभा करावा असे सांगितले. हा निर्णय मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. ज्या गावात दानशूर माणसे आहेत तेथील मुलांना अंडे मिळावे, आणि ज्या पाड्यावर सगळेच ऊसतोडीला जातात तेथील मुलांना मिळू नये, अशी त्याची परिणती होते. म्हणजे ज्या मुलांना अंड्याची सर्वाधिक गरज, तीच त्याला मुकतात. तामिळनाडूत शाळेच्या जेवणात आठवड्याला पाच अंडी दिली जातात. शेजारच्या कर्नाटकात २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या आर्थिक साहाय्याने आठवड्यातून सहा दिवस अंडे देण्याची योजना सुरू झाली. आमच्या तालुक्यापासून कर्नाटकाची सीमा फार लांब नाही. सीमेपलीकडच्या कानडी शाळेतील मुलाला जे मिळते ते अलीकडच्या मराठी शाळेतील मुलाला का मिळू नये, हा प्रश्न मी आमच्या बैठकीत विचारला आहे आणि येथेही विचारते.

यामागे पैशांचा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. १ मे २०२५ पासून डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन या सर्वांसाठी मिळून प्रत्येक मुलामागे रोज पाचवीपर्यंत ६ रुपये ७८ पैसे आणि सहावीपासून पुढे १० रुपये १७ पैसे असा दर ठरला आहे. तांदूळ यात धरलेला नाही, तो वेगळा येतो. आमच्या बाजारातील भाव धरले तर २० ग्रॅम तूरडाळीला सुमारे अडीच रुपये, ५ ग्रॅम तेलाला पाऊण रुपया आणि भाजी ४० रुपये किलो असताना ५० ग्रॅमला दोन रुपये होतात. उरलेल्या दीड रुपयात मीठ, मसाला आणि गॅस. पावसाळ्यात वा कडक उन्हाळ्यात भाजी ८० रुपयांवर गेली की हा हिशेब कोलमडतो, आणि मग पुलावातून गाजर, वाटाणा, फरसबी नाहीशी होऊन बटाटा आणि कांदा तेवढे उरतात. एक अंडे किरकोळ बाजारात सहा-सात रुपयांना मिळते, म्हणजे लहान मुलाच्या एका दिवसाच्या संपूर्ण तरतुदीइतके. एवढ्या दरात कोणत्याही मुख्याध्यापकाने कसबाने काटकसर केली, तरी पोषण वाढणार नाही. त्यातच भाजीपाला आणि इंधनाची रक्कम शाळेच्या खात्यावर उशिरा जमा होते. तोवर गुरुजी दुकानदाराकडे उधारी ठेवतात किंवा पदरमोड करतात, आणि याची नोंद कोणत्याच अहवालात होत नाही.

मालाच्या दर्जाबाबत अनुभव संमिश्र आहे. तांदूळ बहुतेक वेळा बरा येतो. गेल्या पावसाळ्यात मात्र पुरवठादाराकडून आलेल्या मुगाच्या पोत्यात कीड होती आणि मसुरीला कुबट वास येत होता. आम्ही ते पोते उघडल्यावर पंचनामा करून परत घेण्याची मागणी केली, आणि बराच पाठपुरावा केल्यावर ते बदलून मिळाले. मधल्या काळात मुलांना केवळ तूरडाळीवर भागवावे लागले. माल उतरवून घेतानाच पोती उघडून, वजन करून, दोन सदस्यांच्या समोर घेण्याचा नियम आम्ही तेव्हापासून कटाक्षाने पाळतो, आणि प्रत्येक समितीने तो पाळावा असे मी आग्रहाने सुचवीन.

पोषणयुक्त तांदळाविषयी पालकांमध्ये गैरसमज फार आहेत, तेव्हा त्याबद्दलही लिहिले पाहिजे. शाळेला येणाऱ्या पोषणयुक्त तांदळात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा वेगळा असतो. तो तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून दाण्याच्या आकाराचा बनवलेला असतो. रंगाने तो थोडा पिवळट किंवा अधिक पांढरा दिसतो, पाण्यात कधी वर तरंगतो, आणि त्यामुळे 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी ओरड गावोगाव होते. आमच्याकडे सुरुवातीला मावशी ते दाणे निवडून फेकून देत असत. आता तसे होत नाही, पण तांदूळ चार-चार वेळा चोळून धुण्याची आणि पेज काढून टाकण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही, आणि त्यात बरेच जीवनसत्त्व वाहून जाते. याचे प्रशिक्षण मावशींना कोणी नीट दिले नाही. तांदळात लोह मिसळल्यामुळे भाजी-अंड्याची गरज कमी झाली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

तेलाबद्दल २०२५ मध्ये केंद्राने शाळांना दहा टक्के कपात करण्याचा सल्ला दिला. शहरी मुलांमधील वाढता स्थूलपणा पाहता त्यामागील काळजी समजते, परंतु आमच्या शाळेतील लहान मुलाच्या ५ ग्रॅममधून अर्धा ग्रॅम कमी केल्याने काय साधणार आहे? ज्या मुलांच्या घरी दुपारी तेलाचा थेंबही ताटात पडत नाही, त्यांना शाळेतले तेल उष्मांकांसाठी आणि अ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी हवेच आहे. तेलाची खरी अडचण शाळेच्या फाटकाबाहेर आहे. पाच रुपयांच्या चिप्सच्या आणि तळलेल्या नळ्यांच्या पाकिटांनी लहान सुट्टीतच मुलांची भूक मारली जाते, आणि मग दुपारी ताट जसेच्या तसे परत जाते. शाळेच्या उपाहारगृहात असे पदार्थ विकण्यास राज्याने २०१७ मध्येच मनाई केली, आणि २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास बंदी घातली. आमच्या फाटकासमोरील टपरीवर ही पाकिटे माळेसारखी लटकलेली असतात. सरपंचांनी आणि ग्रामपंचायतीने एक दिवस उभे राहून हे थांबवले, तर दुपारच्या जेवणातील उरलेले अन्न निम्मे होईल, असा माझा अंदाज आहे.

सेवा देणाऱ्यांबद्दल लिहिताना मला मनापासून वाईट वाटते. नव्वद मुलांसाठी नियमाप्रमाणे दोन स्वयंपाकी तथा मदतनीस मंजूर आहेत. त्या सकाळी नऊ वाजता येतात, तांदूळ-डाळ निवडतात, पाणी भरतात, शिजवतात, वाढतात, पातेली घासतात, स्वयंपाकखोली धुऊन साडेतीनला घरी जातात. या कामाचे मानधन महिन्याला २५०० रुपये आहे, आणि तेही दर महिन्याला हातात पडत नाही. याच भागात खुरपणीला जाणाऱ्या बाईला यापेक्षा कितीतरी जास्त मिळतात. पाककृती खिचडीवरून पंधरावर गेल्या तेव्हा निवडणे, भिजवणे, मोड आणणे, चिरणे हे काम जवळजवळ दुप्पट झाले, पण हात तेच राहिले. आमच्याकडील मोठ्या मावशी विधवा आहेत, आणि शाळेतले काम सुटू नये म्हणून त्यांनी तापातही चूल सोडलेली नाही, हे मी पाहिले आहे. आजारी माणसाने नव्वद मुलांचे अन्न शिजवणे आरोग्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे, तेव्हा भरपगारी रजा आणि बदली मदतनीस ही दयेची बाब नसून अन्नसुरक्षेचाच भाग आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत शाळा चांगली आहे. पाण्याची टाकी झाकलेली, धान्य लाकडी फळ्यांवर भिंतीपासून दूर ठेवलेले, मावशींच्या डोक्याला रुमाल, मुलांना साबणाने हात धुण्याची शिस्त. वाटण्यापूर्वी एक शिक्षक आणि एक पालक चव घेतात, आणि अन्नाचा नमुना झाकून बाजूला ठेवला जातो. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी कीटकनाशक मिसळलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली, तेव्हापासून चव घेण्याच्या नियमाकडे देशभर गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. काही शाळांत मात्र चव न घेताच आठवड्याच्या सह्या एकदम केल्या जातात. तसे करणाऱ्या पालकांनी ही घटना आठवावी. आमच्याकडे खरी उणीव ताटे धुण्याच्या जागेची आहे. एकाच नळावर नव्वद मुले रांग लावतात आणि लहान मुलांची ताटे नीट धुतली जात नाहीत.

शहरांतील शाळांना केंद्रीय स्वयंपाकगृहांतून जेवण येते. माझ्या बहिणीची मुलगी महापालिकेच्या शाळेत असल्यामुळे ते मी खाऊन पाहिले आहे. तेथे भांडी, वाफेवरचे शिजवणे आणि मोजमाप यांत शिस्त चांगली दिसली, पण अन्न सकाळी लवकर शिजून डब्यांतून येते, तोवर पुलावाचा लगदा होतो आणि मोडाचे कडधान्य आंबूस लागते. गावात शिजवलेल्या अन्नाची सर त्याला नाही. ज्या गावशाळांमध्ये स्वयंपाकखोली उभी आहे, तेथे केंद्रीकरणाचा विचारही होऊ नये.

पाच गुणांपैकी द्यायचे झाले तर चवीला चार, स्वच्छतेला चार, ताजेपणाला पाच आणि पोषणाला अडीच गुण मी देईन. पोषणाचे गुण मावशींनी किंवा शिक्षकांनी गमावलेले नाहीत, ते दराने आणि धोरणाने गमावले आहेत.

पालकांसाठी उपयोगाची माहिती अशी की, २०१५ च्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्याच्या कारणाने एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर त्या दिवसाचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्नसुरक्षा भत्ता म्हणून मुलाला पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकले, तर जबाबदारी निश्चित करणे राज्याला भाग आहे. ही तरतूद शाळेच्या फलकावर लिहून ठेवण्याची मागणी आपल्या समितीत जरूर करावी.

अंड्यासाठी आम्ही सध्या एक मार्ग धरला आहे. राज्याने निधी पुन्हा सुरू करावा ही मागणी कायम ठेवूनच, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील जो दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो, त्यातून आठवड्याला एक अंडे किंवा केळे द्यावे, असा ठराव समितीने केला आहे. नव्वद मुलांना सात रुपयांप्रमाणे आठवड्याला ६३० रुपये आणि वर्षातील सुमारे पस्तीस आठवड्यांचे बावीस हजार रुपये होतात. ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे येणार आहे, आणि त्या दिवशी मुलांच्या आयांनी मोठ्या संख्येने हजर राहावे म्हणून आम्ही घरोघर जाऊन सांगत आहोत.